भट्टीपासून लांब

माझी भाची दात बनवते. म्हणजे कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे खिडकीशी बसून. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, शेजारी गुलाबी मेण, आणि समोरच्या भिंतीवर कुणीतरी लावलेला ‘हसत राहा’ असा फलक. माझी कवळीही तिनेच केलेली, तेव्हा पुढे मी कुणाला चावले तर दात तिचे समजावेत.

कवळीचं खरं कसब रंगात असतं. नुसता पांढरा असा दात कुणालाच नसतो, असं ती म्हणते. कुणाचा पिवळसर, कुणाचा राखाडी, कुणाचा मुळाशी गडद आणि टोकाला फिका. शेजारच्या दाताशी रंग जुळला नाही तर माणूस हसलं की ठिगळ दिसतं. हे ती डोळ्यांनी जुळवते आणि तिचं चुकत नाही.

माझी बहीण लवकर गेली. त्यामुळे या मुलीची आई म्हणा, पाहुणी म्हणा, भांडायला हक्काचं माणूस म्हणा, सगळं मीच. लहानपणापासून बघते आहे, तिने एकदा मनावर घेतलं की ती स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही. लग्न तेवढं उशिरा केलं. केलं तेही बेकरीवाल्याशी. बेकरी त्याच्या वडिलांची, माझ्या घराच्या कोपऱ्यावर. जन्म भट्टीसमोर काढून माणूस इतका थंड कसा राहतो हे मला अजून कळलेलं नाही. वाईट म्हणून नावाला नाही. बायकोला ‘नाही’ म्हणालेला मी ऐकला नाही. पण त्याच्या ‘हो’ला कधी वाफही आलेली पाहिली नाही.

चाळिशी जवळ आली आणि भाचीने मूल मनावर घेतलं. मग काय विचारता! गोळ्या, तपासण्या, सकाळी डोळे उघडताच तोंडात थर्मामीटर, मैदा बंद, साखर बंद. ठरलेल्या दिवशी नवराबायकोने काय करायचं ते मी लिहीत बसत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हे वाचूच नये. तोही सांगितलं ते सगळं करायचा. दुपारी दुकान बंद करून, अंगाला लागलेलं पीठ धुऊन, वेळेवर घरी हजर.

“अगदी वीजबिल भरायला आल्यासारखा येतो गं मावशी,” ती एकदा हसत म्हणाली. हसणं फार वेळ टिकलं नाही.

दोघांच्या तपासण्या झाल्या. तिचं ठीक निघालं, त्याचं कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता? भट्टी म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. रोज पोटाच्या उंचीवर इतकी धग घेणाऱ्या पुरुषाचं असं होऊ शकतं, म्हणाल्या. तीन महिने भट्टीपासून लांब राहा, मग पुन्हा तपासू. आणि बायकोचं वय बघता याहून जास्त थांबता येणार नाही.

भाचीला तर हर्षच झाला. दुखणं सापडलं, औषधही सापडलं, तेही फुकट! त्याला तिने गल्ल्यावर बसवलं आणि सासऱ्यांना भट्टीवर परत बोलावलं. म्हाताऱ्याने गुडघ्यांपायी काम सोडलं होतं, पण नातवंडाचं नाव निघताच ताठ उभा राहिला.

“सूनबाई, नातवासाठी मी भट्टीत उडी घेईन!”

“उडी नको बाबा, नुसते उभे राहा.”

पहिले काही दिवस पावाची दैना झाली. त्या भट्टीचा मागचा कोपरा जास्त तापतो. तिथले पाव लांब दांड्याच्या फावड्याने वेळेवर फिरवावे लागतात, नाहीतर एक बाजू फिकी राहते आणि बूड करपतं. म्हाताऱ्याचा हात तिथवर पोचेना. मी खरवडून खाल्ले. पुढे पाव सुधारला. म्हाताऱ्याचा हात बसला असेल, असं मला वाटलं.

तीन महिने संपत आले होते. एका रविवारी दुपारी भाची माझी कवळी घासून द्यायला आली. हिरडीला एका जागी टोचत होती. मी चहा टाकला, टेबलावर सकाळचा पाव होता. मैदा बंद असल्याने तिने कित्येक दिवसांत पाव हातात धरला नव्हता. त्या दिवशी उगीच उचलला आणि उलटा केला. मग खिडकीशी नेला, उजेडात फिरवला, जसे ती दात फिरवते तसा.

“हा कुठून घेतलास?”

“तुमच्याकडून. दुसऱ्यांचा मी खात नाही.”

“आजचा?”

“आजचा. का, काय झालं?”

“हा बाबांचा नाही,” ती म्हणाली. “चारी बाजूंनी एक रंग आहे. हा त्याचा आहे.”

मी म्हटलं, अगं, म्हातारा शिकला असेल. तेवढ्यात बेल वाजली. तिला न्यायला तोच आला होता. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. तिने पाव त्याच्यासमोर धरला. त्याने तो ओळखला.

“बाबांना भट्टीसमोर भोवळ आली होती,” तो म्हणाला.

“कधी?”

“सुरुवातीलाच.”

“आणि तेव्हापासून तूच उभा राहतोस?”

“हो.”

“मग मला सांगायचं नाही? दुसरा माणूस ठेवला असता! दुकान बंद ठेवलं असतं!”

“तू इतकी खुशीत होतीस.”

“खुशीत होते म्हणून फसवायचं? तीन महिने फुकट घालवलेस! माझ्याकडे आता महिने उरलेत का?”

मी मध्ये पडणार होते. मला कुणी अडवलं नव्हतं, पण माझी कवळी टेबलावर वाटीत होती आणि दातांशिवाय मी कुणाला झापत नाही.

ती खुर्चीवर बसली. आवाज एकदम उतरला. “खरं सांग. तुला मूल हवंय का?”

“तुला हवंय ना, मग मलाही...”

“माझं सोड.”

तो दारातच उभा होता. मग म्हणाला, “झालं तर जीव लावीन. रात्री उठेन, सगळं करीन, त्यात कसूर करणार नाही. पण नाही झालं तरी मला काही कमी वाटणार नाही. आपण दोघं मला पुरतो. तुझ्यासारखं वाटावं म्हणून फार प्रयत्न केला गं. नाही वाटत.”

आता ही आरडाओरडा करणार म्हणून मी चहाचे कप बाजूला घेतले. पण ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत होतं. पण तू बोलला नव्हतास, तोवर तुझ्या वाट्याचं मीच हवंसं वाटून घेत होते. आता ते नाही जमायचं.”

लबाडी केली म्हणून त्याला झोडता आलं असतं. पण वाटत नाही ते वाटत नाही, यावर कुणाला काय शिक्षा करायची? मूल नको म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हा तर नको म्हणत नव्हता.

तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले. या खेपेला भट्टीवर पगारी माणूस आहे आणि पाव खाण्यासारखा नाही. जावई खरोखर गल्ल्यावर बसतो, भट्टीच्या दाराकडे पाठ करून. घरी वेळेवर जातो. भाची परवा म्हणाली, “त्याच्यावर रागवायला मला जागाच सापडत नाही.” मी म्हटलं, मग रडून घे. तर म्हणे, वेळ नाही, दोन कवळ्या द्यायच्यात.

काल सकाळी मी पाव घ्यायला गेले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने पाव कागदात गुंडाळला, पण हातातच धरून ठेवला.

“मावशी, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे.”

“ठाऊक आहे.”

“रिपोर्ट चांगला आला तर ती आधी माझ्या तोंडाकडे बघेल.”

“बघणारच.”

“तेव्हा मी काय करू?”

आयुष्यभर मी न विचारता सल्ले दिले. इथे पोरगा समोर उभा राहून विचारत होता आणि मला काही सुचेना. “तू तिच्याकडे बघ,” मी शेवटी म्हटलं.

“ते तर मी बघतोच,” तो म्हणाला आणि पाव माझ्या पिशवीत ठेवला.