वाळू परत आली का?

फोन आला तेव्हा मी ओसरीवर चिकू निवडत होते. माझा मुलगा संदेश म्हणाला, "आई, आत्या गेली." मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता... सुलभाताई माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. शाळेतली नोकरी संपल्यावर त्या झाईला, समुद्रकाठच्या गावी, आमच्याकडेच राहायला आल्या. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. मी चौथी शिकलेली, चारचौघांत मला बोलवत नाही, म्हणून लिहिते.

वन्संना वाद आवडायचा, भांडण नाही. समोरच्याचं म्हणणं आधी आपण सांगायचं, तो "बरोबर" म्हणाला की मगच आपलं बोलायचं, हा त्यांचा नेम. तोवर सगळ्यांचा चहा निवायचा. संदेशला आमच्या चिकूच्या वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला घर बांधायचं होतं. त्या म्हणायच्या, नको, समुद्र आत येतोय. पण आधी त्याची बाजू त्याच्याहून नीट मांडायच्या. रस्त्याकडची चिकूची झाडं अजून फळ धरतात, ती तोडायची नाहीत. टोकाची वाळून गेली, जागा मोकळी आहे. आणि समुद्र तर आजोबांच्या वेळीही आत आला होता.

"बरोबर?"

"बरोबर, आत्या."

"तेव्हा पावसात वाहून गेलेली वाळू पावसाळा सरल्यावर परत आली. हल्ली येते का?"

संदेश उठून जायचा.

एकदा मी त्यांना हळूच सांगितलं, टोकाच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मला वाटलं, समुद्राचं खारं पाणी आत शिरतंय याला आधार मिळाला म्हणून त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, डाळच जुनी असेल. मग एकाच डब्यातली डाळ दोन पातेल्यांत, दोन विहिरींच्या पाण्यात शिजवायला लावली. रस्त्याकडच्या पाण्यातली मऊ झाली, टोकाची टणक ती टणकच. संदेश हसला, "आत्या, आता वरणावरून हवामान सांगणार का?" त्याही हसल्या. म्हणाल्या, "वरणावरून फक्त आपली विहीर कळते. तीही समुद्रामुळे बिघडली की आजूबाजूचे पंप पाणी ओढतात म्हणून, ते बघायचंय. पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, हे जगभर लोकांनी वर्षानुवर्षं मोजलंय. ते वेगळं, हे वेगळं."

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. त्या घाबरवणाऱ्या असत्या तर मी सोडून दिलं असतं. पण स्वतःच्या बाजूचा पुरावाही तपासून घेणारी बाई म्हणते समुद्र येतोय, म्हणजे... उधाणाच्या दिवशी मी टोकाकडे जाईनाशी झाले. तिथली सुरूची झाडं मुळं उघडी पडून कलली होती.

वन्सं गेल्यावर भेटायला आलेले म्हणत होते, ऑक्टोबरच्या उन्हानंच गेल्या, हवामान बदललंय ना. मी कोपऱ्यात बसले होते. तोंडून निघून गेलं, त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, उन्हानं भर घातली असेल, पण नक्की सांगता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दिवसकार्य झालं आणि संदेशनं गवंड्याला पाया आखायला बोलावलं. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. मी त्याला थांबवून आधी त्याचं म्हणणं सांगितलं. झाडं, मोकळी जागा, आजोबा. "बरोबर?" तो म्हणाला, "बरोबर." मी म्हटलं, "मग आता वाळू तेवढी बघून ये."

तो बराच वेळ आला नाही. आला तो पाय न धुताच बसला. "किनाऱ्यावर आम्ही क्रिकेट खेळायचो ती जागाच नाही गं राहिली." गवंड्याला त्यानं फोनवर थांबायला सांगितलं. मग मला विचारलं, "आणि हे असंच आत येत राहिलं तर आपण जायचं कुठे?" याचं उत्तर वन्संना तरी आलं असतं की नाही, कोण जाणे...

तूर्त तो आणि सूनबाई वन्संच्या खोलीत राहतात. काल मी आणि सूनबाई तिथली गादी उन्हात टाकायला काढत होतो. भरतीची वेळ होती. तिचे हात थांबले.

"आई, इथे लाट रोज इतकी जवळ ऐकू येते?"

मला "नाही" म्हणायचं होतं. मी खिडकीशी जाऊन कान दिला.

"एकदा ऐकून नाही कळायचं. उद्या भरतीला परत ऐकू," मी म्हटलं.