बादलीतली मेथी

निमगाव सावा सोडलं त्या सकाळी मालकांना, म्हणजे तुमच्या दाविदभावजींना, टेम्पोत गादीवर बसवलं ते मागे तोंड करून. कपाट, शेगडी आणि पिठाचे डबे यांतून दुसरी जागाच उरली नव्हती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता बघत होते आणि ते मागे बसून गाव लांब जाताना बघत होते. जाऊबाई, तुम्ही टेम्पोला हात लावून प्रार्थना केलीत. मी डोळे मिटले खरे, पण मनात एक शब्दही नव्हता. चार वर्षांनी हे लिहून सांगते आहे, रागावू नका.

अपघात त्याच्या दीड वर्ष आधी झाला होता. विहिरीतली मोटार काढताना मालकांचा पाय सटकला, ते आतल्या खडकावर आपटले आणि कमरेखालचं अंग गेलं. गावात आपली ख्रिस्ती घरं चारच, पण भेटायला सगळा गाव आला. शेजाऱ्यांनी आमचा कांदा काढून दिला आणि वर एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते आपलेच. लांबच्या नात्यातले एक काका म्हणाले, एकवीस दिवस उपास धर, विश्वास ठेव, माणूस उठून चालेल. मी धरला. बाविसाव्या दिवशी काका पुन्हा आले, मालकांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "इश्वास कमी पडला तुझा." जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मला काकांचा राग आला आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा देवाचा जास्त आला.

भोसरीत तळमजल्यावर खोली मिळाली, दवाखानाही जवळ. मी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला लागले. रविवारी आम्ही उपासनेला जायचो, कारण नाही गेलं तर तुम्हाला फोनवर काय सांगणार? गाणी म्हणायचे, आमेन म्हणायचे. एकटी असले की मात्र देवाशी अबोला. अबोला धरायलाही समोर कोणीतरी असावं लागतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मालक दिवसभर खिडकीशी बसून असायचे. एक दिवस त्यांनी शेजारच्या पेंटरकडून रंगाच्या रिकाम्या बादल्या मागून घेतल्या. माझ्याकडून माती भरून घेतली, व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा बाकड्यावर त्या ठेवायला लावल्या आणि मेथी पेरली. आठ दिवसांत सगळी कुजली. पंचवीस वर्षं मळा केलेला माणूस, पण बादलीला बुडाशी भोकं पाडायची असतात हे काही सुचलं नाही. जमिनीला कोण भोकं पाडतं? कळल्यावर ते इतके हसले की खुर्ची हलली. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग खिळा तापवून भोकं पाडली. दुसरी पेर छान उगवली.

हंगामाच्या सणाला, पिकाचा वाटा देवाला द्यायच्या त्या रविवारी, गावी आपण बाजरी, भोपळे, एखादा कोंबडासुद्धा चर्चमध्ये न्यायचो, आणि नंतर त्या मालाच्या लिलावात शेजारचे आप्पा भोपळ्यासाठी हटून बसायचे. इथे वेदीपुढे सगळा बाजाराचा माल होता, सफरचंदं, नारळ, बिस्किटांचे पुडे. त्यात आमची मेथीची एक जुडी, मनगटाएवढी. पाळकसाहेबांनी विचारलं, स्वतः पिकवलेलं कोणी आणलंय? आमचं एकच घर निघालं. त्यांनी मालकांना उपकाराची प्रार्थना करायला सांगितली. मालकांनी माझ्याकडे बोट केलं आणि आपण मोकळे झाले.

मी उठले. ठरावीक प्रार्थना येत होती, पण तोंडातून गावची बोली बाहेर पडली.

"प्रभू, ह्यांचं पाय आलं न्हाईत. मेथी आली. मेथीचं उपकार मानते. पायांचं मी पुन्यांदा इचारनार हाये, तवा कटाळू नको."

मला वाटलं, आता पाळकसाहेब दोन शब्द सुनावणार. त्यांनी मान खाली घालून आमेन म्हटलं. मला भीती वाटली नाही. काकांनी मागितला तसला विश्वास माझ्याकडे कधीच नव्हता. हा एवढा होता, आणि एवढा पुरत होता.

मालक अजून चालत नाहीत. चालतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मी रोज कॅन्टीनला निघताना देवाला विचारते आणि कामावर जाते. या देहात नाही तर पुनरुत्थानाच्या दिवशी तरी हे चालतील, याची मला खात्री आहे. बायकोला मागे टाकून भराभर पुढे जायची त्यांची खोड तेव्हाही जाणार नाही, याचीही आहे.

घरी कधी येणार, असं तुम्ही विचारता. सुट्टीत येऊ, आठ दिवस राहू. पण जाऊबाई, हे बरे झाले की घरी जाऊ असं म्हणत मी इतकी वर्षं कुठेच राहत नव्हते. आता राहते. जिथे यांच्याशेजारी बसून देवाला खरं ते सांगता येतं, तेच माझं घर.