पाववाल्याचा भोंगा

ताज्या पावाचा वास आला की मला ती समुद्राजवळची बाग आठवते. संध्याकाळी आई आणि मी तिथे चालत होतो. भाट्याच्या किनाऱ्याकडून खारा वारा येत होता, सुरूच्या वाळक्या काड्या पायाखाली मोडत होत्या. त्या हातभर वाटेवरून चालणाऱ्यांनीही जायचं आणि सायकलवाल्यांनीही, हे कोणी ठरवलं कोण जाणे. मागून रबरी भोंगा वाजला, पों पों. मी बाजूला झाले. आई मात्र आवाजाकडे वळली आणि हात वर करून थेट सायकलीच्या पुढ्यात गेली. धडक बसून ती पडली. सायकलवाला घाबरून म्हणाला, "अहो, मी भोंगा वाजवला ना! बाजूला व्हायचं सोडून ह्या समोरच आल्या." लोक त्याच्यावर तुटून पडले, वाट कोणाची यावर भांडण जुंपलं. खाली पडलेली आई ओशाळून म्हणाली, "त्याला काय बोलू नका हो. मला वाटलं, आपला पाववालाच आला." सगळे हसले, तीही हसली, आणि मग तिला उठताच येईना. पाववाला अजून रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत दारात येतो. तो पुढे जाईपर्यंत, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली आई पुन्हा धडक बसणार असल्यासारखी दोन्ही हातांनी खाट घट्ट धरून ठेवते.