शालूताईंच्या गाडीचा रॉड

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकलेल्या गाद्या गोळा करत होते. थंडीचे दिवस, ऊन कलायला लागलेलं, आणि फोनवर त्यांच्या सोनिवलीच्या शेजारणीचा आवाज... अगदी हळू, जणू कुणाची झोप मोडेल. "वहिनी, ताई जेवून पडल्या होत्या. चहाला हाक मारायला गेले तर... तुम्ही दोघं लगेच या." आम्ही अंबरनाथहून पोचलो तेव्हा ताई खरोखरच झोपल्यासारख्या दिसत होत्या. कुशीवर, एक हात गालाखाली. शेखर, माझा नवरा आणि त्यांचा धाकटा भाऊ, आधी घरात आलाच नाही. अंगणात ताईंची पांढरी पिकअप उभी होती, तिच्या बॉनेटवर तळवा टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. आता काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर मला माझ्या या नणंदबाई घरात कधी आठवतच नाहीत. आठवतात त्या स्टिअरिंगमागे, पदर खोचलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि समोरच्या काचेपलीकडे सगळं पांढरं...

सोनिवलीच्या शेतकरी घरात त्या सून म्हणून गेल्या. पिकअप भावोजींची. ते तिच्यातून पेंढा, भाजी, कधी कुणाचं घरसामान वाहायचे. आजारपणात ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. शेखर एमआयडीसीत एका कारखान्यात अधिकारी होता. त्याने बहिणीला सांगितलं, "गाडी विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये." ताईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात गावाबाहेरच्या माळावर गाडी शिकायला सुरुवात केली. "गाडी विकली तर सकाळी उठू कशाला रे मी?" एवढंच त्या म्हणाल्या. शेखरला ते लागलं. भांडण झालं नाही, पण पुढे कित्येक वर्षं दोघांतलं बोलणं भाऊबिजेच्या ताटाएवढं उरलं. ओवाळून घ्यायचं, पाया पडायचं, निघायचं.

ताईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत तेव्हा प्रेमसिंग राहायचा. हिमाचलचा, कारखान्यात शिफ्टवर जाणारा. बायकोही पॅकिंगच्या कामाला जायची. त्यांची लेक किरण मग ताईंच्याच स्वयंपाकघरात वाढली. शाळेतून आली की दप्तर इकडे, भात-आमटी इकडे, झोप इकडे. तिचं मराठी ऐकून ती डोंगरातली आहे हे सांगून खरं वाटलं नसतं. तिकडे आजोबा थकले, सफरचंदाची बाग बघायला कुणी उरलं नाही, म्हणून कुटुंब परत गेलं. जाताना किरण ताईंच्या कमरेला मिठी मारून सुटेचना. पुढे फोन चालू राहिले. आणि दोन-तीन वर्षांमागे एका सकाळी ताई आमच्या दारात उभ्या. "किरणचं लग्न ठरलंय. माघात. मी जाणार."

"विमानाने जा, तिकीट मी काढतो," शेखर म्हणाला.

"विमानात कपाट घेतील?"

किरण लहान असताना ताईंच्या आरशाच्या कपाटापुढे तासन् तास नाचायची. 'माझ्या लग्नात मला अस्संच दे' म्हणून तिने वचन घेतलं होतं. शेखरने विचारलं, तिकडे कपाटं मिळत नाहीत का? ताई म्हणाल्या, "मिळतात. पण ती मी दिलेली नसतील ना..." उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांनी कपाट पसंत केलं. उंच, बदामी रंगाचं, पुढे आरसा. दुकानदाराने बजावलं की आरशाचं कपाट आडवं नेलं तर खड्ड्यांत काच तडकेल, उभंच न्या.

आणि इथे तो रॉड आला. पुढच्या दोन चाकांना आडवा जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा. बॅलन्स रॉड म्हणतात त्याला. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की तो तिला धरून ठेवतो. प्रेमसिंगने फोनवर सांगितलं होतं, "दीदी, हमारे यहाँ ठंड में सब निकाल देते हैं." गावापर्यंतच्या शेवटच्या वाटेवर बर्फ पडतो, चाकांखाली दबतो, रात्रीत गोठतो. मग खोल चाकोऱ्या होतात, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर. तिथे तो रॉड चाकांना मोकळेपणी वरखाली होऊ देत नाही आणि गाडी अडकते. ताईंच्या उल्हासनगरच्या गॅरेजवाल्या हसूकाकांनाही ते पटलं. ते ताईंना सिंधीत 'अदी' म्हणत, म्हणजे बहीण. "काढून टाकू अदी, पाच मिनिटांचं काम. बर्फात रॉडचं काय लोणचं घालायचंय?"

शेखरने मात्र हात जोडले. "ताई, बर्फ आहे शेवटच्या चार-सहा मैलांत. त्याआधी अख्खा देश ओलांडायचाय. मागे उभं कपाट, त्यात हायवे, आणि तू रॉड काढणार? एका वळणावर गाडी आडवी होईल."

"तू येणार आहेस बरोबर?"

"रॉड काढलास तर नाही येणार."

"मग काढतेच," ताई म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

रॉड काढल्यावर कपाट आणायला त्यांनी मला सोबत नेलं. कपाट उभं करून दोरखंडांनी आवळलं, आरशावर गोधडी बांधली आणि आम्ही बदलापूरच्या दिशेने निघालो. गाडी वेगळीच चालत होती... होडीत बसल्यासारखी, डुलत, हळुवार. मला तर डोळ्यांवर झापड यायला लागली. ताई गुणगुणत होत्या. एवढ्यात एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. ताईंनी स्टिअरिंग वळवलं आणि सगळी गाडी एका बाजूला झुकतच गेली, थांबेना. मागे दोर करकरले. माझ्या खिडकीतून मला नुसता रस्त्याच्या कडेचा दगड दिसत होता, अगदी जवळ. मग ती कशीबशी सावरली. ताईंनी गाडी कडेला घेतली, बंद केली. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते. गोधडी घसरली होती आणि बाजूच्या आरशात मला मागचा आरसा दिसत होता, त्यात आभाळ. म्हशी शांतपणे निघून गेल्या. ताई म्हणाल्या, "अनघा, तू शेजारी होतीस गं..."

सोनिवलीला न जाता त्यांनी गाडी वळवून सरळ अंबरनाथला आमच्या घरी आणली. शेखर दार उघडून बघतच राहिला. ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "रॉड सीटमागे आहे. बसव. तुझं खरं होतं." मला वाटलं तो आता दोन शब्द सुनावील. पण तो खाली मान घालून म्हणाला, "मला रॉडचं काही नव्हतं गं ताई. भावोजी गेले, आता तूही अशी कुठे तरी... मला भीती वाटते." ताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. पन्नाशी ओलांडलेला माझा नवरा, पण त्या क्षणी मला तो ओळखू येईना. मग तोच म्हणाला, "मी येतोय. अनघापण येतेय."

तो प्रवास मला आजही सलग आठवत नाही. तुकड्यातुकड्यांनी येतो, पहाटेच्या स्वप्नासारखा. एका सीटवर तिघं दाटीने बसलेलो. बहीणभाऊ आलटून पालटून चालवायचे. मोहरीची पिवळी शेतं, धुक्यात एकेक करून उगवणारी झाडं, ढाब्यावरच्या चुलीचा धूर. मैलोन् मैल कुणी बोलायचं नाही आणि मग एकदम दोघं लहानपणच्या कुठल्या तरी मास्तरांवरून हसत सुटायचे. रॉड जागेवर होता, गाडी निमूट चालत होती. पुढे नदी शेजारी आली, डोंगर उंच झाले, आणि एका वळणानंतर बर्फ दिसला. ताईंनी काच खाली केली. "आवाज कुठे गेला सगळा?" त्या म्हणाल्या. खरंच, कसलाच आवाज नव्हता.

प्रेमसिंगच्या गावाला फुटणाऱ्या वाटेवर मात्र गाडी थांबली. चाकांना साखळ्या बांधल्या होत्या, तरीही. पुढचं डावं चाक गोठलेल्या चाकोरीत उतरलं, मागचं एक जमिनीपासून सुटलं आणि नुसतं गरगरायला लागलं. शेखरने पुढे-मागे करून पाहिलं. प्रत्येक वेळी गाडी बोटबोट दरीकडे सरकत होती. ताईंनी रॉडचं नावसुद्धा काढलं नाही. शेखर इंजिन बंद करून म्हणाला, "कपाट उतरवू. मग काढतो मी तो."

"नक्की?"

"इथे तुझं खरं आहे."

"पाना मी देते," ताई म्हणाल्या.

गावातून माणसं आली. दोघांनी पाठीला दोर लावून आळीपाळीने कपाट उचललं. शेखर गोणपाटावर उताणा होऊन गाडीखाली शिरला, आणि ताई बर्फात गुडघे टेकून त्याच्या हातात पाने देत राहिल्या. एकेक बोल्ट निघाला की त्या तो तळव्यात घेऊन त्यावर फुंकर घालायच्या, गार पडू नये म्हणून की काय, देव जाणे. रॉड निघाला. शेखरने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. ती डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली, म्हातारीसारखी पाऊल चाचपत चढली, पण चारही चाकं जमिनीला धरून होती. ताई आणि मी कपाटामागून चालत होतो. आता आरसा उघडाच होता. चढणारा माणूस वळला की त्यात देवदार यायचे, मग शिखर, मग आम्ही दोघी, शालींत गुरफटलेल्या, डोलणाऱ्या... "अनघा, बघ, आपण केवढ्या लांब आलोय," ताई आरशातल्या आम्हाला बघत म्हणाल्या.

किरण वाटेवर धावत आली. हळद लागलेली, पायांत लोकरी मोजे. "ताई, तू खरंच कपाट आणलंस!" एवढं मराठीत ओरडली आणि मग तिला रडूच फुटलं. तिच्या वरातीत शेखर नाचला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्याला नाचताना पाहिलं नव्हतं. परतताना डांबरी रस्ता लागल्यावर त्याने रॉड पुन्हा बसवला, आणि सपाटीवर आल्यावर ताई भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या, त्या पार अंधार पडेपर्यंत.

त्यानंतर तो दर रविवारी सोनिवलीला जायचा. बोलणं भाऊबिजेपुरतं राहिलं नाही, रोजचे फोन आले. ही वर्षं दोघांना मिळाली, हे मी मनाला सांगत असते.

ताई गेल्यावर गाडीचं काय करायचं हा प्रश्न आम्ही कुणी काढला नाही. बॅटरी उतरू नये म्हणून शेखर मागच्या आठवड्यात एका सकाळी ताईंच्या अंगणातून ती घेऊन निघाला. सोनिवलीच्या फाट्यावर त्याने पुढची रिक्षा जावी म्हणून ब्रेक दाबला, तर धुक्यातून, आडवाटेच्या पाड्याकडून, दोन म्हाताऱ्या आल्या. डोक्यावर पाट्या होत्या. त्यांनी काही न विचारता पाट्या मागे ठेवल्या, स्वतः चढल्या आणि टपावर थापा मारल्या. निघ, अशा. शेखर निघाला. बदलापूरच्या बाजाराशी पुन्हा थाप पडली, तो थांबला. उतरून एक जण खिडकीशी आली आणि आत बघून गोंधळली.

"ताय नाय आयली आजपन? लय दिस गाडी नाय दिसली."

शेखरला खरं सांगता आलं नाही. "नाही," म्हणाला, "आज मी आलोय."

"बरा," म्हातारी म्हणाली. पाटीतल्या मूठभर वालाच्या शेंगा तिने खिडकीतून आत सीटवर ठेवल्या. "हे तायला दे. रोज नको बोलतं, आज तू हायेस तं घेशील."

तो घरी आला, शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि घडलेलं मला सांगितलं. ताई रोज सकाळी या बायकांना बाजारात सोडायच्या, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ताई कधी बोलल्या नव्हत्या. मी ताट घेऊन शेंगा सोलायला बसले, तर तोही समोर मांडी घालून बसला. सोलता सोलता म्हणाला, "अनघा, उद्या मला जरा लवकर उठव. त्या थंडीत उभ्या असतात."