दिव्याला फुंकणारं पोरगं

पोस्टर लागलं आणि दुकानापुढच्या बायका पांगल्या. एक म्हातारी तेवढी थांबली.

"आरं बाबा, ते पोरगं दिव्याला फुंकतंय की. काढ ते."

निजामाच्या राज्यात मी एका कंदील कंपनीचा ट्रॅव्हलिंग एजंट होतो. म्हणजे गावोगावचे बाजार फिरायचे, दुकानदाराला माल लावायचा, गिऱ्हाईक ओढायचं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि हे मी कुणापासून लपवत नसे. त्या दिवशी उमापूरच्या बाजारात हैदराबादेहून मॅनेजर स्वतः आले होते. माणूस मूळचा पुण्याचा, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

कंपनीनं तेव्हा 'सेंटिमेंट'चं खूळ घेतलं होतं. वस्तू विकण्याआधी माणसाच्या काळजाला हात घालायचा, म्हणजे तो कंपनीला घरचंच समजतो. विचार खोटा नव्हता. चित्र मात्र विलायतेत काढलेलं. आईच्या मांडीवर पोर, आणि झोपण्याआधी ते गाल फुगवून कंदील फुंकतंय. आई हसतेय. आमच्याकडं दिवा तोंडानं कुणी फुंकत नाही. पदराच्या वाऱ्यानं मालवतात. घरचा दिवा लेकरानं फुंकावा, आणि त्यावर आईनं हसावं?

मी पोस्टर टरकावलं.

"कंपनीचा माल आहे तो," मॅनेजर म्हणाले. "नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. पण हे लावून न्हाई."

"एवढी छापलीत, त्यांचं काय करू?"

"साहेब, घरी आईसाहेबांना दाखवलं का हे?"

ते इंग्रजीत म्हणाले, की आज दुकान बंद होईपर्यंत एक तरी कंदील खपव, नाहीतर सॅम्पलची पेटी इथंच ठेव आणि घरी जा. मीही इंग्रजीतच म्हटलं, कबूल.

दुकानदार काशीनाथशेठ हळूच म्हणाले, "कावून साहेबाच्या तोंडी लागतो बे? भाकरी हाय ती."

दिवसभर मी एक शब्द ओरडलो नाही. दिवेलागण झाली तसा कंदील पेटवला आणि दुकानाच्या दारात टांगला. बाजार उठला होता, बायका टोपल्या घेऊन घराकडं निघाल्या होत्या. पहिलीनं चालता चालता उजेडाला हात जोडले. मग दुसरीनं. सकाळची म्हातारीही हात जोडून थांबली.

"वाऱ्यानं जातो का रं ह्यो?"

मी कंदील काढला, वाऱ्यात रस्त्याच्या मधोमध नेऊन धरला. ज्योत हलली, पण गेली नाही.

"आजी, तुमीच बघा."

तिनं मागं वळून लेकाला हाक मारली. "घे रं, तुळशीपुढं लई वारा आस्तोय."

तो कंदील खपला. पाठोपाठ शेठनं पेटीतले काढून दिले, तेही गेले.

मॅनेजरनी पोस्टरांचा गठ्ठा टांग्यात परत टाकला. पुढच्या वर्षी नवं चित्र आलं, हात जोडलेल्या बाईचं. कल्पना हेड ऑफिसची, असं सगळ्यांना कळवण्यात आलं. माझ्याबद्दल मॅनेजरनी वर सांगितलं, कामाला चांगला, बोलायला उद्धट. नोकरी टिकली.

गिऱ्हाईकाला आपलंसं करायचं तर त्याच्या घरात काय चालत नाही ते आधी विचारावं. त्याला कॉलेज लागत नाही. तेच साहेबाला तोंडावर सांगायला मात्र मला कॉलेज फार उपयोगी पडलं.