हौदात पहिला उतरलो तो मी

आमच्या तालमीच्या मंडळाची गोष्ट निघाली की लोक अजून माझ्याकडं बोट करतात. "हौदात पहिले उतरले ते हे." मी मान खाली घालतो आणि ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. आजवर वाटू दिला.

पण आधी तो आनंद सांगतो. तो खरा होता.

निजामाच्या राज्यातलं आमचं औरंगाबाद. नहरीच्या बंबामागं, म्हणजे पाण्याच्या मनोऱ्यामागं, आमची गल्ली, मराठ्यांची आणि मुसलमान विणकरांची. उतारावर नाला ओलांडला की महारवाडा. माझा मित्र तिथला. अंगानं असा, की त्यानं दंड थोपटले की हलगीवाल्याचा हात आपोआप चालायला लागावा.

गंगापूरकडच्या एका जत्रेत त्याची कुस्ती लागली. लंगोट कसून तो मैदानात उभा राहिला, तेवढ्यात पंचानं विचारलं, "कोणत्या वस्तीतला रं तू?" त्यानं खरं ते सांगितलं. कुस्ती मोडली. परतीच्या वाटेवर तो आमच्या पुढं एकटाच चालला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले उस्ताद मागावरून उठले. हिमरूचं भरजरी कापड विणणारा माणूस, तरुणपणी स्वतः मातीत लोळलेला. त्यांनी शेजाऱ्यांना ओट्यावर बोलावलं. "हमारी तालीम हमीच बनाते. जत्रा नक्को, पंच नक्को."

शिंपीकाका चाचरत म्हणाले, "उस्ताद, बनवू की. पण कुस्तीच्या मातीचा हौद... दोन करायचे का? एक खालच्यांना?"

"दो हौद? तू एकेक टांग का अलग पायजामा सीता क्या रे?"

ओटा हसून हसून पडला. शिंपीकाकाही हसले. त्या हसण्यातच आमचं मंडळ निघालं. कोतवालीतली परवानगी उस्तादांनीच खेटे घालून आणली.

मग काय सांगू! खालची पोरं, वरची पोरं, सगळी कुदळी घेऊन बंबामागच्या पडीक जागेवर. नदीकाठची माती डोक्यावरून आणली, चाळली. काव आली, हळद आली, तेल आलं. जेवायला हाका मारल्या तरी कोणी घरी जाईना. मला तर झोपेतही चाळणी हलताना दिसायची.

शेवटी राहिलं ताक. उस्तादांच्या जुन्या तालमीचा रिवाज असा, की नव्या हौदाच्या मातीत प्रत्येक घरचं ताक पडायचं. ज्या घरचं ताक, त्या घरच्या पोराचा मातीवर हक्क. ताक गोळा करायचं काम मी मागून घेतलं.

गल्ली फिरून झाली. मग दुसरी, रिकामी चरवी घेऊन नाला ओलांडला. मित्राची आई दुसऱ्याची म्हैस अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर सांभाळायची. सवयीनं ती लांबून, उंचावरून ओतायला लागली. मी ऐटीत म्हणालो, "मावशी, जवळ या की. आता काय त्याचं?" ती इतकी हसली! "नीट ने रं बाबा. माझ्या लेकाचा वाटा हाय त्यात."

परत येताना नाल्यातल्या बाभळीखाली मी ते ताक ओतून दिलं.

पुढं कित्येक वर्षं मी मनाला समजावत होतो, की गल्लीतली पोरं बिथरतील, मंडळ जन्मायच्या आधीच फुटेल, म्हणून केलं. ते खरं नाही. ती माती उद्या माझ्या तोंडाला लागणार, ओठाला लागणार, या विचारानं माझीच कातडी आकसली होती.

हौद उघडायच्या सकाळी सगळी गल्ली जमली. उस्ताद मातीच्या कडेला उभे राहिले. "सब घरों का ताक पड्या. नीचेवालों का भी." मी काहीच बोललो नाही.

लंगोट लावलेली वरची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकाच्या चुलत्यानं मागून हाक दिली, "चल रं घरला." मित्र हाताची घडी घालून उभा होता. जत्रेत कुस्ती मोडली तेव्हाचाच चेहरा.

"क्या बे, दूल्हे के माफिक खड़े?" उस्ताद ओरडले.

मी उडी मारली. मूठभर माती घेतली, मित्राला आत ओढलं आणि त्याच्या पाठीला फासली. हलगी कडाडली. मग एकामागून एक पोरं कोसळली हौदात, चुलता हाका मारतच राहिला. मित्रानं मला उचलून असं आपटलं, की डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि तरी मी हसत होतो. उतारावर त्याची आई बायकांना ओरडून सांगत होती, "माझं ताक हाय त्या मातीत!"

ती पोरं काय समजून उतरली होती आणि मी काय जाणून उतरलो होतो, एवढाच फरक. कौतुक माझं झालं.

पुढं त्याच पोरांनी बंबाच्या नळावर खालच्या वस्तीच्या घागरी लावल्या. कोणी डोळे वटारले की म्हणायची, "बाटायचं ते हौदातच बाटलो, आता काय राहिलंय?" आणि खो खो हसायची. मीही त्यांच्यात घागर धरून उभा असायचो. ते दिवस असे होते, की रोज सकाळी पळत सुटावंसं वाटायचं.

आता मंडळाची नवी पोरं माझा सत्कार करायचं म्हणतायत. निरोप आला त्याच दिवशी मी मित्राकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला.

"आई होती तवा सांगायचं होतंस."

"व्हय."

"तिनं मरेपर्यंत गावभर सांगितलं ते."

तो उठला, आत जाऊन पाणी पिऊन आला. "सत्काराला जा," म्हणाला. "हार घ्यायच्या आधी पोरांना सांग. मी येतो. पुढंच बसतो, तू काय गाळतोस ते बघायला."

म्हणून हे लिहून काढलं. यातलं काहीही गाळायचं नाही.