बारा नावं

ती घटना आजही आठवते, असं म्हणून निवृत्त अधिकारी बहुतेक वेळा आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगतात. माझी तशी नाही. ही आठवली की मला माझाच राग येतो. बायको म्हणते, जन्मभर लोकांवर ओरडलात, आता जरा कागदावर ओरडा. म्हणून लिहितोय.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा तपास बघणारा निरीक्षक होतो. हद्दीतल्या एका जुन्या गावाची जमीन रस्त्यासाठी चालली होती आणि गावकऱ्यांना वाढीव मोबदला हवा होता. मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मिठागरं गेली, भातशेती गेली, उरलंसुरलं तरी योग्य भावाने जावं, एवढं कुणालाही वाटेल. एका सोमवारी सकाळी दहा वाजता माजिवड्याच्या नाक्यावर 'भूमिपुत्रांना न्याय द्या' म्हणत रास्ता रोको झाला. अर्ध्या तासात दगड सुरू झाले. एक दगड बसच्या काचेतून आत शिरला आणि चालकाचा डावा डोळा गेला.

इस्पितळात त्याचा जबाब मीच घेतला. "साहेब, तोंडाला रुमाल होता त्याच्या. पण पायात पांढरेशुभ्र बूट आणि गळ्यात जाड चेन. ते बूट अजून दिसतात मला," तो म्हणाला.

आता खबरीचं सांगतो. वाचकांना वाटतं, खबऱ्या येतो आणि पोलिसांच्या कानात सांगतो. असल्या गुन्ह्यात तसं काही नसतं. आमच्याकडे एक पद्धत होती, कुठल्याही नियमपुस्तकात न सापडणारी. गावात घुसून धरपकड केली की दुसऱ्या दिवशी दुसरा रास्ता रोको ठरलेला. म्हणून गावच्या पुढाऱ्याला फोन करायचा आणि म्हणायचं, नावं द्या. तो माणसं हजर करतो, अटक दिसते, वर अहवाल जातो आणि गाव शांत राहतं. या गुन्ह्यात तो फोन मी केला.

पुढाऱ्याला सगळे शेठ म्हणायचे. "किती पाहिजेत सायेब?" जेवायला किती पानं मांडू, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

"माणसाचा डोळा गेलाय शेठ. दहा-बारा तरी लागतील."

"बारा देतो. टेन्शन नका घेऊ."

मंगळवारी संध्याकाळी टेम्पोतून बारा जण उतरले. ते रांगेत उभे राहिले तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पांढरे बूट सोडा, एकाच्याही पायात धड चप्पल नव्हती. सगळे गावामागच्या पाड्यावरचे, आदिवासी. शेठच्या बापजाद्यांच्या मिठागरांत यांच्या बापजाद्यांनी मीठ ओढलेलं. गावाच्याही आधीपासूनचे हे लोक, पण सातबाऱ्यावर यांचं नाव कधी चढलं नाही. झोपड्या शेठच्या जागेत. मोबदला कितीही वाढला तरी यांच्या हाताला दमडी लागणार नव्हती.

बाराव्याची चौकशी मी स्वतः केली. तेवीस वर्षांचा, काटक, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा.

"दगड मारलास?"

"हो साहेब."

"कुठून मारलास?"

"तिकडून."

"तिकडून म्हणजे कुठून? नाक्याच्या कुठल्या अंगाने?"

त्याने हवेत कुठेतरी बोट दाखवलं.

"बरं, मोर्चा कशासाठी होता?"

"भूमिपुत्रांना न्याय द्या," शाळेत कविता म्हणावी तसं त्याने म्हणून दाखवलं.

"तुझी किती जमीन गेली?"

"कुठली जमीन साहेब?" त्याने मलाच विचारलं.

अट्टल गुन्हेगार 'मी नव्हतो' असं खोटं बोलतो. 'मीच होतो' असं खोटं बोलणारा समोर आला की समजावं, त्याच्या मानेवर कुणाचा तरी हात आहे. मला ते समजलं. पण मी अटक फॉर्म भरायला सांगितला.

तो फॉर्म आमची एक महिला शिपाई भरत होती. त्यात ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. तिने त्याच्या शर्टाची बाही वर केली आणि थबकली. दंडावर काळ्या मार्करने लिहिलेला आकडा होता, घासून पुसट झालेला.

"साहेब, हा आकडा माझ्या हातचा आहे."

"काय बोलतेस?"

"गेला आठवडाभर मी पोलीस भरतीच्या मैदानावर ड्युटीला होते ना! उमेदवारांच्या दंडावर नंबर मीच लिहायचे. सातच्या पोटात अशी रेघ मीच देते. हा काल सकाळी माझ्यासमोर सोळाशे मीटर धावलाय. अनवाणी. म्हणून तर लक्षात राहिला."

मी मैदानावरची यादी मागवली. सोमवार, सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत हजर. पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण. दगड पडला तेव्हा हा पोलीस खात्यासमोर धावत होता. साक्षीदार खुद्द आम्हीच! पाड्यावरचं पोर पोलीस व्हायला निघालंय, हे शेठच्या ध्यानीमनीही नव्हतं. पोरानेही ते आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

मी त्याला खुर्चीत बसवलं. "अरे गाढवा, तू मैदानावर होतास. मग कबूल का झालास?"

तेव्हा तो रडला. "शेठ म्हणाले, थोड्या दिवसांचं काम आहे, केस नंतर मागे घेतात. नाही गेलास तर झोपडी खाली करा. आई त्यांच्याकडेच धुणीभांडी करते. साहेब, दोन आठवड्यांनी माझी लेखी आहे. तेवढी देऊ द्या. पण मला सोडू नका."

"अरे, दोन्ही कसं जमेल?"

"मला काय माहीत साहेब. तुम्ही मोठे आहात."

बाहेर आवारात त्याची आई बसून होती. मी दिसताच तिने माझे पाय धरले. "सायेब, पोराला सोडू नका. घर जाईल आमचा." पोराला सोडवा म्हणून पाय धरणाऱ्या आया मी शेकड्याने पाहिल्या. त्याला कोठडीत ठेवा म्हणून रडणारी ही एकच.

मी कागद घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी ते वाचले आणि चष्मा काढला. "एक खोटा निघाला की बाराही खोटे निघतात. मग खरे आणायला गावात कोण जाणार, तू? पंधरा-वीस दिवस जाऊ दे. मोबदल्याची बैठक होऊ दे, मग याचा अहवाल पाठव."

"साहेब, त्याची लेखी परीक्षा आहे."

"पुढच्या वर्षी देईल. भरती काय पळून चाललीय?"

मी 'येस सर' म्हणालो आणि सॅल्यूट ठोकून बाहेर आलो. पांढऱ्या बूटवाल्याचं म्हणाल तर तो शेठचा पुतण्या होता. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात बूट, चेन, उगारलेला हात, सगळं होतं. ते फुटेज मी जप्त केलं, सील केलं आणि मुद्देमालाच्या कपाटात ठेवलं. माझी बदली झाली तेव्हाही ते तिथेच होतं.

लेखीच्या रविवारी माझा बंदोबस्त नेमका परीक्षा केंद्रावर लागला. मी त्याची खोली शोधत गेलो. तिसऱ्या रांगेतलं एक बाक रिकामं होतं. पर्यवेक्षिकेने त्याच्या क्रमांकापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं आणि पान उलटलं. त्यानंतर चार दिवसांनी माझा अहवाल गेला, पुरावा नाही म्हणून तो सुटला. त्याच्या आईने येऊन माझे आभार मानले. झोपडी वाचली होती ना!

मोबदला वाढला. रास्ता रोकोचा पुढाऱ्यांवरचा गुन्हा मागे घेतला गेला. दगडफेकीचा मात्र राहिला आणि पाड्यावरचे उरलेले अकरा जण तारखांना जात राहिले. शांतता राखल्याबद्दल गावाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मी तो घेतला. सहा महिन्यांत शेठने पाड्याखालची जागाही विकली आणि झोपड्या एका दुपारी गेल्या.

आता मी डोंबिवलीत राहतो. रस्त्यात मोर्चा दिसला की लोक फलक वाचतात. मी चेहरे बघतो. उद्या नावं मागितली तर यातल्या कुणाची जातील, ते मला लांबून ओळखता येतं. तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो ते एवढंच, आणि तेही उशिरा. शेठला शिव्या घालणं सोपं आहे. यादी त्याने दिली खरी, पण मागितली मी होती.

गेल्या वर्षी आंबिवलीला कामासाठी गेलो होतो. एका गोदामासमोर कुणीतरी "साहेब!" म्हणून हाक मारली. तोच. खांद्यावर पोतं. ते खाली ठेवून तो मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला.

"परत दिलीस की नाही परीक्षा?"

"दिली ना. मैदान निघालं, लेखीही निघाली. पडताळणीत अटक दिसली. तुमचा अहवाल दाखवला, तर म्हणाले, अटक तर झालेली ना? मग वयही संपलं." त्याने चहाचा घोट घेतला. "साहेब, त्या मोर्च्याचं पुढे काय झालं हो? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मिळाला त्यांना वाढीव मोबदला."

"सगळ्यांना?"

"सातबाऱ्यावर नाव होतं त्या सगळ्यांना."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मी खिशात हात घातला, पण त्याने चहावाल्याला आधीच बजावून ठेवलं होतं, "साहेबांकडून घेऊ नको रे, ते आपले पाहुणे आहेत."